सनदेच्या परीक्षेचा निकाल : वाचायचा कसा?

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला

कला शाखेच्या वार्षिकात वकिलांच्या परीक्षेवरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु आपल्यापैकी अनेकांची वाट पुढे तिकडेच वळते. बी.ए. झाल्यावर बी.एड., स्पर्धा परीक्षा आणि तीन वर्षांची एलएल.बी. या दारांपाशी आपली रांग लागते. त्यांपैकी एलएल.बी.च्या दाराने आत गेलेल्यांना शेवटी आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते. मलाही नव्हती. माझी ताई त्या उंबरठ्यावर अडखळली, तेव्हा ती आली.

आम्ही दिव्याला राहतो. रेल्वेच्या नकाशावर दिवा हे जंक्शन आहे. वसई, पनवेल, रोहा, थेट सावंतवाडी अशा दिशांच्या गाड्या येथून मिळतात. पण दिव्याच्या रहिवाशाला दिवा ओळखीचे आहे ते फाटकामुळे, सकाळच्या गर्दीमुळे आणि पाण्याच्या टँकरमुळे. आमच्या इमारतीत कायद्याचे शिक्षण घेतलेली ताई ही पहिलीच. महाराष्ट्र आणि गोवा बार काउन्सिलकडे तिचे नाव नोंदले गेले, सनद हाती आली, त्या दिवशी आईने सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले आणि सावंतवाडीच्या गाडीने निघालेल्या मामाबरोबर गावीही धाडले. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांनी काळ्या कोटाचे पैसे दोन हप्त्यांत दिले. “आमची ताई वकील झाली” हे वाक्य त्या महिन्यात मी किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही.

पुढे काही महिन्यांनी अखिल भारतीय बार परीक्षा झाली. तिचा निकाल लागला तेव्हा ताई ठाण्याच्या कोर्टातून परतत होती. मुंब्रा आणि दिवा यांच्या दरम्यान, गाडीच्या दारापाशी उभ्याउभ्याच तिने तो मोबाइलवर पाहिला. तीन गुण कमी पडले होते. घरी येऊन तिने चहा घेतला, आईबरोबर भाजी निवडली, आणि कोणाला काही सांगितले नाही. नऊ दिवस सांगितले नाही. दहाव्या दिवशी शेजारच्या काकूंनी सहज विचारले, “निकाल लागला म्हणे गं तुमचा. किती टक्के?” ताईने खरे ते सांगून टाकले. काकू घटकाभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “असं कसं झालं? दहावीला तर तुला पंच्याऐंशी टक्के होते ना?”

काकूंच्या मनात वाईट काही नव्हते. आपण सर्वांनीच आयुष्यात एकाच प्रकारचा निकाल पाहिलेला आहे : दहावीचा, बारावीचा, विद्यापीठाचा. जास्त टक्के तो हुशार, कमी टक्के तो कमी हुशार, नापास तो वाया गेलेला. पुढचा प्रत्येक निकाल आपण याच चष्म्यातून पाहतो. सनदेच्या परीक्षेच्या बाबतीत हा चष्मा साफ चुकीचा आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. दहावीचा निकाल विद्यार्थ्याविषयी काही सांगतो. वकिलांच्या परीक्षेचा निकाल अशिलाच्या वतीने बोलतो. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे उत्तीर्ण झालेले उगाच फुगतात आणि अनुत्तीर्ण झालेले उगाच खचतात.

आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे. बोलताना आपण ‘सनदेची परीक्षा’ म्हणतो खरे, पण सनद आणि ही परीक्षा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाप्रमाणे कायद्याचा पदवीधर आपल्या राज्याच्या बार काउन्सिलकडे नाव नोंदवतो आणि त्याला सनद मिळते. त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याने बार काउन्सिल ऑफ इंडियाची अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी अशी अपेक्षा असते. ती झाली की ‘सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस’ हाती येते. २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही परीक्षेला बसू देण्यास सांगितल्यामुळे हा क्रम काहींच्या बाबतीत मागेपुढे होऊ शकतो, पण तत्त्व तेच राहते. अनुत्तीर्ण झालेल्याचे नाव वकिलांच्या यादीतून पुसले जात नाही. त्याची सनद कोणी परत मागत नाही. परीक्षेला कितीही वेळा बसता येते. मात्र दोन वर्षांत उत्तीर्ण झाला नाही तर त्याची वकिली तेथे थांबते आणि उत्तीर्ण होईपर्यंत थांबून राहते. म्हणजे ‘अनुत्तीर्ण’ या शब्दाचा येथे एवढाच अर्थ आहे : अजून नाही.

ही परीक्षा मुळात आली कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. १९६१ च्या मूळ कायद्यात वकील होऊ पाहणाऱ्याने प्रशिक्षण घ्यावे आणि त्यानंतर परीक्षा द्यावी अशी तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली, आणि पुढची कित्येक वर्षे पदवी हीच पात्रता राहिली. १९९५ साली बार काउन्सिल ऑफ इंडियाने प्रशिक्षणाचे नियम केले, परंतु १९९९ साली व्ही. सुधीर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. २०१० साली काउन्सिलने परीक्षेचा ठराव केला आणि ६ मार्च २०११ रोजी पहिली अखिल भारतीय बार परीक्षा झाली. अशी परीक्षा घेण्याचा काउन्सिलला अधिकार आहे की नाही, हा वाद त्यानंतरही चालूच होता. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो संपवला. काउन्सिलला हा अधिकार आहे, आणि १९९९ चा निर्णय बरोबर नव्हता, असे घटनापीठाने ठरवले.

या सगळ्या घडामोडींत एक सूत्र दिसते. वाद झाला तो परीक्षा घेण्याच्या अधिकाराचा. वकिलांमध्ये पहिला कोण, दुसरा कोण हे ठरवण्यासाठी ही परीक्षा नाही. कायद्याच्या ज्ञानाची एक किमान पातळी ठरवावी आणि तिच्याखाली असलेल्या माणसाच्या हाती लोकांचे खटले जाऊ नयेत, हा तिचा हेतू आहे. नदीच्या पुलाशी पाण्याची पातळी दाखवणारी खूण असते ना, तसे हे आहे. पाणी खुणेच्या वर आहे की खाली, एवढेच तिला सांगता येते. पाणी गोड की मचूळ, हे तिला विचारू नये.

आता प्रत्यक्ष निकालाकडे वळू. ताईच्या निमित्ताने मी त्याचा थोडा हिशेब मांडून पाहिला. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, गणिताची नव्हे. पण हा हिशेब आपल्यापैकी कोणालाही जमेल.

प्रश्नपत्रिकेत शंभर प्रश्न असतात आणि प्रत्येकाला चार पर्याय. वेळ साडेतीन तास. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. पूर्वी पुस्तके आणि टिपणे सोबत नेता येत. आता टिपा नसलेले मूळ कायदे, ज्यांना वकील मंडळी ‘बेअर ॲक्ट’ म्हणतात, तेवढेच नेता येतात. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. उत्तीर्ण होण्यासाठी सर्वसाधारण आणि इतर मागासवर्गीय उमेदवारांना शेकडा ४५ आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना शेकडा ४० गुण लागतात.

समजा, एखाद्याला शंभरांपैकी २७ प्रश्नांची उत्तरे खात्रीने येतात. उरलेल्या ७३ ठिकाणी त्याने डोळे मिटून खुणा केल्या. चारांतून एक या न्यायाने त्या ७३ पैकी सुमारे १८ बरोबर येतील. २७ आणि १८ मिळून झाले ४५. म्हणजे पक्के ज्ञान २७ प्रश्नांचे असले तरी माणूस रेषेवर पोहोचतो! आणि नशीब थोडे इकडे-तिकडे झाले तर त्या अठरांचे बावीस होतील किंवा चौदाही होतील. रेषेच्या अलीकडे-पलीकडे असलेले तीन-चार गुण हे पुष्कळदा अशा नशिबाचे असतात.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या दोन्ही बाजूंना टोचणाऱ्या आहेत. ४६ गुण मिळवून उत्तीर्ण झालेल्याने आपण कायद्यात पारंगत झालो असे समजू नये, ही पहिली. ४२ गुणांवर अडकलेला आणि २४ गुणांवर अडकलेला या दोघांना एकाच मापाने मोजू नये, ही दुसरी. निकालात दोघांपुढे शब्द एकच छापला जातो, पण पहिला उंबरठ्यापाशी उभा आहे आणि दुसऱ्याचे गुण तर नुसत्या अंदाजाने पडतील तेवढेच आहेत. पहिल्याने दोन-तीन विषय नीट करावेत. दुसऱ्याने मात्र प्रामाणिकपणे मान्य करावे की, पदवी मिळाली तरी अभ्यास व्हायचा राहूनच गेला आहे.

तीच रेषा दर वेळी तेथेच असते असेही नाही. ५ फेब्रुवारी २०२३ रोजी झालेल्या सतराव्या परीक्षेत सर्वसाधारण उमेदवारांची रेषा ४० वर होती. १० डिसेंबर २०२३ च्या अठराव्या परीक्षेपासून ती ४५ झाली. ताईचे जे गुण आहेत, ते त्या फेब्रुवारीत पडले असते तर आईने दुसऱ्यांदा पेढे वाटले असते. माणूस तोच, अभ्यास तोच, गुणही तेच, पण शब्द निराळा. रेषा वर नेली हे चूक झाले असे मी म्हणत नाही. लोकांचे खटले चालवणाऱ्याकडून थोडे अधिक मागितले तर त्यात गैर काय? पण रेषा माणसांनी आखलेली आहे आणि माणसे ती हलवू शकतात, एवढे तरी आपण ध्यानात ठेवू. त्या अठराव्या परीक्षेला १,४४,०१४ उमेदवार बसले आणि ६९,६४६ उत्तीर्ण झाले, म्हणजे शेकडा ४८. रेषा तीच असताना ३० नोव्हेंबर २०२५ च्या विसाव्या परीक्षेत शेकडा ६९ उत्तीर्ण झाले. दोन वर्षांत देशातील पदवीधर एकाएकी एवढे हुशार झाले असे कोण म्हणेल? प्रश्नपत्रिका बदलते, बसणारे बदलतात, आणि त्याबरोबर निकालही बदलतो.

अमेरिकेत तर हे अधिकच उघड दिसते. तेथे अनेक राज्यांत वकिलांची एकच सामाईक परीक्षा होते, चारशे गुणांची. प्रश्न तेच, गुण देण्याची रीतही तीच, पण उत्तीर्ण होण्याची रेषा प्रत्येक राज्याची आपापली. अलाबामात २६० गुण पुरतात, न्यूयॉर्कमध्ये २६६ लागतात. २६२ गुण मिळवणारा माणूस एका राज्यात वकील होण्यास पात्र आणि दुसऱ्या राज्यात अपात्र! कॅलिफोर्नियाची परीक्षा स्वतंत्र आहे. तिची रेषा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली १४४० वरून १३९० वर आणली. मग त्या आकड्यांनी माणसाची किंमत कशी काय ठरवायची?

शिवाय या परीक्षेत जे तपासले जाते त्यापेक्षा जे तपासलेच जात नाही, ते फार मोठे आहे. १८९१ साली लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या मोहनदास गांधींनी मुंबईत वकिली करून पाहिली. स्मॉल कॉजेस कोर्टातल्या पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी ते उभे राहिले, आणि तोंडातून प्रश्नच फुटेना. ते खाली बसले आणि दुसरा वकील करा असे त्यांनी सांगितले. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. बॅरिस्टरीच्या परीक्षेत ते उत्तीर्ण झालेले होते, परंतु उभे राहून बोलण्याचे धैर्य काही त्या परीक्षेत तपासलेले नव्हते. ते पुढे अनुभवाने आले.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. १८६६ साली नाशिक येथे जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची बी.सी.एल. ही परीक्षा दिली. १८९७ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी.ही केली. तरीही न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याचा त्यांचा मार्ग कित्येक वर्षे बंदच होता, कारण त्या स्त्री होत्या. १९२३ च्या कायद्याने तो अडसर दूर झाला. कॉर्नेलियाबाईंपुढे जी रेषा आखलेली होती, ती कितीही अभ्यास करून ओलांडता येणारी नव्हती. ताईपुढची रेषा अभ्यासाने ओलांडता येते. हा केवढा मोठा फरक आहे! या दृष्टीने पाहिले तर अनुत्तीर्णाचा निकाल हातात घेऊन रडत बसणाऱ्या आजच्या मुलीने स्वतःला थोडे भाग्यवानच मानले पाहिजे.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, ही परीक्षा निरर्थक आहे असे मला सुचवायचे आहे. तसे मुळीच नाही. उलट आमच्या दिव्यात राहून तसे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही.

दिव्यात खोली घेणाऱ्या अनेकांच्या हाती मालकीचा पुरावा म्हणून एक स्टॅम्प पेपर आणि त्यावर नोटरीचा शिक्का एवढेच असते. आयुष्यभराची पुंजी त्या कागदात गेलेली असते. इमारत अनधिकृत आहे अशी महापालिकेची नोटीस भिंतीवर चिकटली की, मजल्यामजल्यावरची माणसे तो कागद घेऊन वकील शोधत निघतात. शेजारच्या काकूंवर ही पाळी पूर्वी एकदा आली होती. त्यांनी एका वकिलाला पैसे दिले. त्याच्याकडे सनद होती, कोट होता, कार्यालयही होते. पण ठरलेल्या तारखेला तो न्यायालयात गेलाच नाही, आणि हे काकूंना समजले ते वर्षभराने. काकूंना कायद्यातले काही कळत नाही. समोरच्या माणसाला तरी ते कळते की नाही, हे त्यांनी कशावरून ओळखायचे? अशा माणसांसाठी किमान पातळीची खूण हवी. ती पुरेशी नाही, हे काकूंच्याच अनुभवावरून दिसते, कारण तारखेला हजर राहण्याची सचोटी कोणत्याही प्रश्नपत्रिकेत तपासता येत नाही. तरीही ती हवी. निकाल अशिलाच्या वतीने बोलतो असे मी आरंभी म्हटले, ते या अर्थाने.

या काकू मध्यंतरी पुन्हा आमच्याकडे आल्या. नवी नोटीस होती. ताईचा निकाल त्यांना माहीत होता, त्यामुळे त्या जराशा घुटमळत होत्या. नोटीस पदराखाली होती. ताईनेच हात पुढे करून ती घेतली. दोनदा वाचली, तारखेखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाली, “काकू, उत्तर द्यायची मुदत अजून आहे. पण हे काम मी एकटी हातात घेणार नाही. तुमच्या घराचा प्रश्न आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर ठाण्याला चला, आमच्या मॅडमना दाखवू. कागद मी तयार करीन, त्या तपासतील.”

काकू म्हणाल्या, “तू पास झाली असतीस तर तूच केलं असतंस ना?”

ताई हसली. “पास झाले असते तरी पहिल्या वर्षी मॅडमनाच दाखवलं असतं.”

मला वाटते, या एका उत्तरात तिने आपला निकाल बरोबर वाचलेला होता. आपल्याला काय येते, काय येत नाही, आणि आपल्या न येण्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, हे ज्याला कळले त्याला त्या परीक्षेचा हेतू कळला. नऊ दिवस तोंड लपवणाऱ्या मुलीला हे सुचले नव्हते. निकालाचा अर्थ लागल्यावर सुचले.

आपल्यापैकी जे पुढे या वाटेने जातील, त्यांच्यासाठी ताईने केले ते थोडक्यात सांगते. तिने प्रथम ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’ आणि ‘राखून ठेवलेला’ यांतला फरक समजून घेतला. निकाल राखून ठेवला म्हणजे नापास झालो असे समजून काही जण हाय खातात. प्रश्नपुस्तिकेचा संच कोणता, ती खूण उत्तरपत्रिकेवर करायची राहिली, एवढ्या कारणानेही तसे होऊ शकते. मग तिने आपले गुण कितीपैकी आहेत ते पाहिले. आक्षेप आल्यावर काही प्रश्न रद्द होतात, आणि मग हिशेब शंभरांचा राहत नाही. सात प्रश्न रद्द झाले तर उरले ९३. त्यांचे शेकडा ४५ म्हणजे ४१.८५, अर्थात ४२ बरोबर उत्तरे लागणार. मित्राच्या मागल्या वर्षीच्या गुणांशी आपले गुण ताडून पाहणारे बहुधा हीच गोष्ट विसरतात.

त्यानंतर प्रसिद्ध झालेली उत्तरतालिका पुढे घेऊन, आपण कोठे काय खूण केली होती ते आठवत, तिने विषयवार हिशेब मांडला. परीक्षेला विषय एकोणीस. पण सारे सारख्या वजनाचे नाहीत. राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया यांचे प्रत्येकी दहा, दंडविधान आणि पुरावा यांचे प्रत्येकी आठ, असे पाच विषयांतच ४६ प्रश्न असतात. कुटुंबविषयक कायद्यांचे आठ आणि करार, मालमत्ता व तत्सम कायद्यांचे मिळून आणखी आठ. उरलेले बारा विषय दोन ते पाच प्रश्नांचे. ताईचे गुण गेले होते ते दिवाणी प्रक्रियेत आणि पुराव्यात. कंपनी कायदा आणि सायबर कायदा यांवर महिनाभर घालवला होता, त्यांचे प्रश्न दोन-दोन! शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाल्याने जुनी कलमे पाठ असलेल्यांना ती नव्याने करावी लागत आहेत. ‘मी नापास झाले’ हे वाक्य तिने वहीत खोडले आणि त्याखाली लिहिले, ‘दिवाणी प्रक्रिया, पुरावा.’ पहिल्या वाक्यावर रडता येते. दुसऱ्यावर अभ्यास करता येतो.

शेवटी तीन विनंत्या करते.

पहिली, परीक्षा घेणाऱ्यांना. एकूण आकड्याशेजारी एकोणीसही विषयांचे गुण वेगवेगळे छापून द्यावेत. सर्वसाधारण उमेदवार परीक्षेसाठी तीन हजारांच्या वर शुल्क भरतो. आपण कोठे कमी पडलो हे कळण्याचा त्याला हक्क आहे. ज्या परीक्षेचा हेतू वकील सुधारावा हा आहे, तिने सुधारण्याची जागाही दाखवली पाहिजे. नावनोंदणीचे शुल्क कायद्यात सांगितले आहे त्याहून अधिक, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांहून अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ठरवले. गरिबाघरच्या मुलांना त्याचा आधार झाला. तसाच आधार निकालाच्या कागदाचाही व्हावा.

दुसरी, आपल्या प्राध्यापकांना. एलएल.बी.च्या प्रवेशाविषयी आपल्या महाविद्यालयात मार्गदर्शन होते, सत्कारही होतात. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एखादा तास असाही ठेवावा की, ज्यात परीक्षांचे प्रकार समजावून सांगितले जातील. कोणती परीक्षा क्रम लावते, कोणती जागा वाटते आणि कोणती फक्त किमान पातळी पाहते. हा भेद शिकवला गेला, तर पुढच्या कित्येक घरांतले ते नऊ दिवस वाचतील.

आणि तिसरी, आपल्यालाच. मैत्रिणीचा असा निकाल लागला की, “किती टक्के?” असे विचारू नका. उत्तीर्ण झाली असेल तर विचारा, “आता कोणाच्या हाताखाली शिकणार?” अनुत्तीर्ण झाली असेल तर विचारा, “कोणत्या विषयात गेले?” दोन्ही प्रश्नांना उत्तर देता येते आणि दोन्ही उत्तरांना उद्याचा दिवस आहे.

ताईने पुन्हा अर्ज भरला आहे. सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळणे शक्यच नसते, म्हणून ती उभ्यानेच साक्ष्य अधिनियम वाचते. गर्दीने पुस्तक छातीशी आवळले गेले की पान बदलता येत नाही, मग ठाणे येईपर्यंत तेच पान पुन्हा पुन्हा वाचते. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तिचा निकाल लागलेला असेल किंवा नसेलही. तो काहीही लागो, या खेपेस ती घरी येऊन त्याच संध्याकाळी सांगणार आहे, असे तिने आईला कबूल केले आहे. आणि काकूंनी टक्के विचारायचे नाहीत, असे आईने काकूंना बजावून ठेवले आहे.